ठिपके गेले, आजार राहिला

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणारे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात केसपेपर पुढे सरकवत म्हणाले, "डॉक्टर, क्लोरोक्विनच्या थोड्या गोळ्याही लिहून द्या."

"ताप येतोय का?"

"मला नाही हो. माशांना हव्यात."

त्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउनफिश, म्हणजे मुलांच्या भाषेतले 'निमो', एक निळा टँग आणि थोडी प्रवाळं. महिन्याभरापूर्वी एक नवा मासा आणून टाकीत सोडला. आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. दुकानदारानं एक निळसर औषध दिलं. चार दिवसांत ठिपके साफ गेले आणि घरादाराचा जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यात बघतात तर ठिपके तिप्पट, आणि टँग तळाशी आडवा.

गोळ्या मी लिहून दिल्या नाहीत. त्याचं कारण पुढे येईलच. पण त्यांचं एक वाक्य मला फार ओळखीचं वाटलं : "औषधानं बरं झालं होतं, पण पुन्हा आलं." सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे वाक्य दिवसातून चारदा कानी पडतं. खरुजेचा रुग्ण म्हणतो, हिवतापाचा म्हणतो, जंतांचं औषध घेतलेल्या मुलाची आई म्हणते. बहुतेक वेळा ते पुन्हा आलेलं नसतंच, कारण मुळात ते गेलेलंच नसतं. मी माणसांचा डॉक्टर आहे, माशांचा नव्हे. पण परजीवींचा स्वभाव समजून घ्यायचा तर माशांच्या या रोगाइतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं.

समुद्रात किरकोळ, टाकीत जीवघेणा

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या या रोगाला शौकीन मंडळी 'मरीन इक' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. तो होतो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात या रोगाचं वर्णन केलं. पुढे १९५१मध्ये ब्राऊन यांनी लंडनमध्ये या परजीवीला आजचं नाव दिलं. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालयही १९५१चंच. म्हणजे मुंबईकर समुद्रातले मासे काचेआड पाहू लागले, त्याच वर्षी काचेआडच्या माशांच्या या शत्रूचं बारसं झालं. त्याच्या नावाचा अर्थही नेमका आहे : केंद्रक लपलेला आणि त्रास देणारा.

गोड्या पाण्यातल्या माशांनाही असेच पांढरे ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळा. रोग दिसायला जुळ्या भावांसारखे असले तरी त्यांचं कूळ एक नाही. त्यामुळे गोल्डफिशला लागू पडलेलं औषध क्लाउनफिशला लागू पडेलच असं नाही.

ठिपके अंगावर दिसतात, पण मासा बहुधा त्यांनी मरत नाही. मरतो तो कल्ल्यांमुळे. कल्ले ही माशाची फुप्फुसं. तिथल्या नाजूक आवरणात परजीवी शिरला की ते सुजतं, त्यावर चिकट स्राव साचतो आणि पाण्यातला प्राणवायू रक्तात जाईनासा होतो. मासा भराभर कल्ले हलवू लागतो, पाण्याच्या झोताजवळ येऊन थांबतो, खाणं सोडतो, दगडाला अंग घासतो. अंगावर पाचच ठिपके असले आणि मासा धापा टाकत असला, तर दुखणं गंभीर आहे असंच समजावं.

मग समुद्रातले मासे या रोगानं संपून का जात नाहीत? कारण समुद्र मोठा आहे. माशाच्या अंगावरून सुटलेला परजीवी तळाशी जातो, तिथे त्याची पिल्लं तयार होतात आणि त्यांना ठरावीक वेळेत नवा मासा गाठावा लागतो. तोवर आधीचा मासा कुठल्या कुठे गेलेला असतो. बहुतेक पिल्लं उपाशी मरतात. तीनशे लिटरच्या टाकीत मात्र मासा जाऊन जाऊन जाणार कुठे? पिल्लं बाहेर पडतात, तेव्हा तोच मासा दोन वितींवर झोपलेला असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर एकाची खरूज सगळ्यांना होते. मोकळ्या माळावरच्या घरात ती तितक्या वेगानं पसरत नाही. इथेही तेच. परजीवी समुद्रातलाच आहे, त्याला दाटीवाटी आपण पुरवतो.

परजीवीचे चार मुक्काम

या परजीवीचं आयुष्य चार मुक्कामांचं असतं. ते समजलं की ठिपके का गेले आणि का परतले, हे आपोआप कळतं.

पहिला मुक्काम माशाच्या अंगावर. परजीवी त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून पेशी खातो आणि फुगतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे हाच. इथे तो साधारण तीन ते सात दिवस राहतो.

दुसरा मुक्काम प्रवासातला. पोट भरलेला परजीवी मासा सोडतो, बहुधा अंधारात. मग काही तास तळाशी रेंगाळत बसायला जागा शोधतो. दगड, वाळू, टाकीची काच, नळी, काहीही चालतं.

तिसरा मुक्काम कोषाचा. तिथे तो स्वतःभोवती कडक कवच विणतो आणि आतल्या आत विभागत जातो. एका कोषातून दोनशेच्या आसपास पिल्लं निघू शकतात. याला तीन दिवस लागतात किंवा कित्येक आठवडे. सगळे कोष एकाच दिवशी फुटत नाहीत. हा विस्कळीतपणा परजीवीच्या पथ्यावर पडतो. काही पिल्लं आज निघतील, काही पुढच्या महिन्यात. एकदा वार करून सगळ्यांना गाठता येत नाही.

चौथा मुक्काम पोहणाऱ्या पिल्लांचा. ती बरेचदा पहाटेच्या अंधारात बाहेर पडतात, मासे तळाशी विसावलेले असतात त्या वेळी. त्यांच्या हाती एक-दोन दिवसच असतात. पहिले काही तास ती जोमात असतात, नंतर त्यांची ताकद झपाट्यानं ओसरते. मासा मिळाला तर पुन्हा पहिला मुक्काम, नाही मिळाला तर शेवट.

आता त्या गृहस्थांची गोष्ट पुन्हा पाहा. चार दिवसांत ठिपके गेले, पण औषधानं गेले असं म्हणता येत नाही. औषध घातलं नसतं तरी ते तेवढ्याच दिवसांत गेले असते, कारण परजीवीचं जेवण उरकलं होतं. माशाचं अंग स्वच्छ दिसत होतं, तेव्हा टाकीच्या तळाशी कोष विणले जात होते. ज्या आठवड्यात घरात हायसं वाटलं, तोच आठवडा सर्वांत धोक्याचा होता. बाजारातल्या अनेक 'रामबाण' उपायांची ख्याती याच योगायोगावर उभी आहे. ठिपके असताना काहीही घाला, तीन ते सात दिवसांत ते जाणारच, आणि श्रेय बाटलीला मिळणार.

औषध कुठे लागतं?

चार मुक्कामांपैकी पहिल्यात परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो, तिथे पाण्यातलं औषध नीट पोहोचत नाही. तिसऱ्यात तो कवचाआड असतो, तिथेही नाही. औषधाचा मुख्य मारा होतो तो चौथ्या मुक्कामातल्या उघड्या पिल्लांवर. म्हणून उपचाराचा अर्थ असा : पिल्लं ज्या ज्या दिवशी निघतील, त्या प्रत्येक दिवशी पाण्यात पुरेसं औषध हवं. एक दिवस खंड पडला तर त्या दिवशीची पिल्लं सुटली.

सर्वांत जुनं औषध म्हणजे तांबं. द्राक्षबागायतदारांना मोरचूद ठाऊक असतो, तोच कॉपर सल्फेट. पाण्यातलं मोकळं तांबं लिटरमागे सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावं लागतं आणि ते किमान दोन-तीन आठवडे. त्याहून कमी झालं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. म्हणून चाचणीच्या किटनं पाणी रोज तपासायचं. बाजारात तांब्याची बांधीव स्वरूपातली औषधंही मिळतात, त्यांचं प्रमाण वेगळं असतं. ते ज्या त्या बाटलीवरूनच घ्यायचं, ऐकीव आकड्यावरून नाही. आणि तांबं मुख्य टाकीत कधीही घालू नये. प्रवाळं, कोळंबी, गोगलगायी त्यानं मरतात. शिवाय टाकीतले चुनखडीचे दगड तांबं शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात नेमकं किती उरलं याचा हिशेबच लागत नाही.

दुसरं औषध क्लोरोक्विन. पाण्याच्या लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम असं प्रमाण मत्स्यवैद्यकात वापरलं जातं. पण उजेडात ते हळूहळू विघटित होतं, आणि पाण्यात ते किती उरलं हे घरी मोजायचं सोपं साधन नाही. तेही प्रवाळांच्या टाकीत चालत नाही.

तिसरा उपाय मिठाचा, म्हणजे खरं तर मीठ कमी करण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते हळूहळू १५ ग्रॅमच्या आसपास आणून तीन आठवडे तिथेच ठेवले तर कोष तग धरत नाहीत. बरेच हाडांचे मासे हे सोसतात, प्रवाळं आणि कोळंबी सोसत नाहीत. कमी खाऱ्या पाण्यातही टिकणारे या परजीवीचे काही वाण आढळले आहेत, त्यामुळे या उपायावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

चौथा उपाय मला डॉक्टर म्हणून सर्वांत आवडतो, कारण त्यात औषधच नाही. दर तीन दिवसांनी मासे एका टाकीतून दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या करून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवायचे. असं चार वेळा. अंगावरचे परजीवी पिकले की गळून तळाशी कोष करतात, पण कोष फुटायला किमान तीन दिवस लागतात. पिल्लं बाहेर येण्याआधी मासे पुढच्या टाकीत गेलेले असतात आणि जुनी टाकी धुऊन वाळवलेली असते. दोन साध्या टाक्या आणि कॅलेंडर, एवढंच भांडवल. परजीवीचं वेळापत्रक आपल्याला त्याच्याहून चांगलं पाठ असलं की हे जमतं.

लसणाचा रस लावलेलं खाद्य हा घरगुती उपाय लोकप्रिय आहे. त्यानं मासा खायला लागत असेल तर बरंच, पण लसणानं परजीवी हटतो याला भरवशाचा पुरावा नाही. अंग साफ करणारे छोटे मासे सोडण्याचाही उपयोग नाही, कारण परजीवी कातडीच्या आत असतो.

अडीच महिने रिकामी टाकी

माशांवर उपचार होतात वेगळ्या 'रुग्णालय टाकीत'. ती साधीच हवी : वाळू नाही, दगड नाही, लपायला नळीचे दोन तुकडे, हवेचा पंप आणि स्पंजचा फिल्टर. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्राचा अमोनिया लवकर साठतो. त्यामुळे पाणी वरचेवर बदलावं लागतं आणि बदललेल्या पाण्याच्या प्रमाणात औषधही पुन्हा घालावं लागतं. औषधानं नव्हे तर अमोनियानंच मासे दगावल्याची उदाहरणं शौकिनांकडे भरपूर असतात.

पण मुख्य टाकीतल्या कोषांचं काय? त्यांना मारायचं औषध नाही, त्यांना उपाशी ठेवायचं असतं. एकही मासा न ठेवता टाकी रिकामी चालवायची. प्रवाळं, कोळंबी आत राहू शकतात, कारण हा परजीवी माशांवरच जगतो. किती दिवस? प्रयोगशाळेत थंड पाण्यात काही कोष तब्बल ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. त्यावरूनच शौकिनांमध्ये ७६ दिवसांचा दंडक रूढ झाला.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. तिसऱ्या आठवड्यात मासे टवटवीत झालेले असतात, टाकी नितळ दिसते, घरी पाहुणे येणार असतात. मासे परत सोडले जातात. काही दिवस सगळं छान. बऱ्या झालेल्या माशांत काही महिने थोडीफार प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे अंगावर एखादा परजीवी घेऊनही ते निरोगी दिसतात. पुढे नवा, निकोप मासा आणला की तो चार दिवसांत मरतो आणि दोष दुकानदाराला दिला जातो. लक्षणं नसलेला वाहक ही कल्पना आपण कोविडच्या काळात शिकलो. ती माशांनाही तितकीच लागू आहे.

पांढरं दिसलं म्हणजे एकच रोग नव्हे

आणखी एक सावधगिरी. मिठाच्या कणाऐवजी पिठासारखी बारीक, सोनेरी झाक असलेली पूड अंगावर दिसली आणि मासा धापा टाकत असेल, तर तो बहुधा मखमली रोग असतो. त्याचा परजीवी, अॅमिलूडिनिअम, एका कोषातून २५६ पर्यंत पिल्लं सोडतो आणि दोन-तीन दिवसांत टाकी ओस पाडू शकतो. तिथे तांबं किंवा क्लोरोक्विन तातडीनं लागतं, टाक्या बदलण्याची युक्ती पुरत नाही. क्लाउनफिशच्या अंगावर दाट, पांढरा चिकट थर येऊन तो सोलवटल्यासारखा दिसू लागला तर ब्रूक्लिनेला नावाच्या परजीवीची शंका घ्यावी, त्यावर फॉर्मलिन वापरतात. डोळे धुरकट झाले आणि अंगावर चपटे, पारदर्शक कृमी असतील तर ते वेगळंच दुखणं. त्याचं औषध प्राझिक्वांटेल, आणि ते ठिपक्यांच्या परजीवीवर चालत नाही.

थोडक्यात, 'पांढरे ठिपके' हे लक्षण आहे, निदान नाही. निदान होतं ते त्वचेचा किंवा कल्ल्याचा किंचित स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय अशा ठिकाणी मत्स्यरोगांचा अभ्यास होतो. महागडे मासे पाळणाऱ्यांनी दुकानाच्या काउंटरपलीकडे जाऊन अशा जाणकारांशी ओळख ठेवलेली बरी.

हिवतापाचा तोच धडा

ज्या क्लोरोक्विनच्या गोळ्या त्या गृहस्थांना माशांसाठी हव्या होत्या, त्या मी पावसाळ्यात माणसांना लिहून देतो. १९३४मध्ये जर्मनीत बायरच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं हे औषध आजही व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापावर आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दिलं जातं. तीन दिवस क्लोरोक्विन, आणि त्याबरोबर चौदा दिवस प्रायमाक्विन.

तीन दिवसांत ताप उतरतो. थंडी वाजणं थांबतं, भूक लागते, माणूस कामावर जातो. आणि प्रायमाक्विनची पाकिटं कपाटात पडून राहतात. रुग्ण म्हणतो, "ताप गेला, आता गोळ्या कशाला?"

क्लोरोक्विन रक्तातल्या परजीवींना मारतं. पण व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून असतात, अगदी टाकीच्या तळाशी पडलेल्या कोषांसारखे. क्लोरोक्विन त्यांना काही करत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते जागे होतात आणि ताप पुन्हा येतो. माणूस म्हणतो, "मला दरवर्षी मलेरिया होतो, डासच फार आहेत." डास असतातच. पण अनेकदा हा नवा हिवताप नसतो, जुनाच जागा झालेला असतो. प्रत्येक फेरीत रक्त कमी होतं, मजुरी बुडते, आणि त्या तापाच्या दिवसांत चावलेला डास तो परजीवी शेजारच्या घरी नेतो.

प्रायमाक्विन झोपलेल्या परजीवींसाठी आहे. ते चौदाच्या चौदा दिवस घ्यायचं असतं, बरं वाटत असलं तरी. बरं वाटत असतानाच त्याचं खरं काम चालू असतं. मात्र गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत. जी-६-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्यांना त्यानं रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. लघवी गडद, काळसर झाली तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठावा.

माणसाचं औषध माशाला, माशाचं माणसाला

मग मी गोळ्या का दिल्या नाहीत? माणसासाठीची गोळी शुद्ध औषध नसते. त्यात बांधणीची, लेपाची द्रव्यं असतात आणि ती टाकीच्या पाण्यात विरघळून पाणी बिघडवतात. निदान झालेलं नव्हतं. आणि सरकारी पुरवठ्यातली गोळी तापानं फणफणलेल्या माणसासाठी असते.

याची उलट बाजू अधिक भीषण आहे. मार्च २०२०मध्ये क्लोरोक्विननं कोविड बरा होतो अशी हवा पसरली, तेव्हा अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात एका दांपत्यानं घरातलं माशांच्या टाकीसाठीचं क्लोरोक्विन फॉस्फेट घेतलं. नवरा दगावला, पत्नीची प्रकृती चिंताजनक झाली. त्याच महिन्यात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला जाहीर पत्रक काढावं लागलं, की माशांसाठीचं क्लोरोक्विन माणसांनी घेऊ नये. या औषधाची योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर कमी आहे, आणि मात्रा चुकली तर हृदयाची लय बिघडते. डब्यावर मासा असो वा माणूस, रसायन तेच, पण मात्रा आणि शुद्धता यांची हमी वेगळी.

म्हणून माशांची औषधं स्वयंपाकघरात, औषधांच्या डब्याशेजारी ठेवू नका. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी, मूळ वेष्टनात, कुलपात ठेवा. आणि अँटिबायोटिक्स तर माशांसाठी मनानं आणूच नका. ठिपक्यांच्या परजीवीवर त्यांचा उपयोग नाही, आणि टाकीचं ते पाणी शेवटी गटारातच जातं. तिथले जंतू औषधाला सरावले तर त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

टाकीत हात घालताना

क्रिप्टोकॅरिऑन माणसाला होत नाही, तेव्हा त्याची भीती नको. पण टाकीतून माणसाला होणारा एक रोग आहे. १९२६मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत अॅरनसन यांना क्षयाच्या जंतूंचा एक भाऊबंद सापडला. त्याचं नाव मायकोबॅक्टेरिअम मरिनम. हातावर ओरखडा असताना टाकी साफ केली तर तो कातडीत शिरू शकतो. दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लालसर, न दुखणारी गाठ येते, ती फुटते, भरत नाही, आणि कधी हातावर वरच्या दिशेनं एका ओळीत आणखी गाठी उमटतात.

हा जंतू शरीराच्या तापमानापेक्षा थंड, तीसेक अंश सेल्सिअसला चांगला वाढतो. प्रयोगशाळेनं नेहमीच्या ३७ अंशांवर नमुना ठेवला तर तो सहज हुकतो. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांतली काही औषधं त्याच्यावर चालत नाहीत, आणि योग्य औषधंही काही महिने घ्यावी लागतात. त्यामुळे न भरणारी गाठ घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर एक वाक्य आवर्जून सांगा : "माझ्या घरी माशांची टाकी आहे." डॉक्टर विचारतीलच असं नाही. टाकी साफ करताना लांब हातमोजे घाला, जखम असेल तर काम दुसऱ्याला सांगा, नळीनं पाणी काढताना ती तोंडानं ओढू नका.

चाळीस दिवसांचा अर्थ

'क्वारंटाइन' या शब्दाचं मूळ इटालियन भाषेतल्या 'चाळीस दिवसां'त आहे. १३७७मध्ये रगुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, या बंदरानं प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा नियम केला. पुढे व्हेनिसमध्ये चाळीस दिवसांची प्रथा रुळली. जंतू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण रोग अंगात असून दिसत नाही असा एक काळ असतो, एवढं त्या लोकांना अनुभवानं कळलं होतं.

नवा मासा आणला की त्याला महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवणं, हा या सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. जाळी, बादली, नळी दोन्ही टाक्यांसाठी वेगवेगळी हवीत, कारण ओल्या जाळीबरोबरही परजीवी जातो. दुकानात मासा घेताना तो तुमच्यासमोर खातो का, श्वास शांत आहे का, त्याच टाकीत दुसरा आजारी मासा नाही ना, हे पाहा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं आहे. टाकीतच जन्मलेले मासे मिळत असतील तर ते घ्यावेत. ते टाकीच्या जगण्याला सरावलेले असतात आणि प्रवाळखडकांवरचा ताणही कमी होतो.

आणि आजार आलाच, तर टाकीशेजारी एक कॅलेंडर टांगा. मुख्य टाकीतून शेवटचा मासा ज्या दिवशी बाहेर काढला, त्या तारखेला खूण करा आणि तिथून दिवस मोजा. ठिपके कधी गेले त्यावरून मोजू नका. घरात कोणाला प्रायमाक्विन चालू असेल, तर त्या चौदा गोळ्यांच्या खुणाही त्याच कॅलेंडरवर करत चला.